भाऊसाहेबांचा मुतखडा आणि माझा नवसागर

मु. पो. सायखेडा, ता. निफाड
सोमवार, सकाळी

श्री. सोमनाथराव यांस,

सावळीरामचा रामराम.

तुमची, सौ. स्नेहल यांची आणि चि. रुद्रची प्रकृती कशी आहे हे मी विचारत नाही. ती उत्तमच असणार. आजारी पडण्यासारखं जे काही तुमच्या घरी होतं, ते तुम्ही टेम्पोत घालून आमच्या गोठ्यात सोडून गेला आहात. इकडचं म्हणाल तर तुमच्या ताई मालनबाई बऱ्या आहेत, माझा गुडघा पूर्वीसारखा आहे आणि अब्रू पूर्वीसारखी राहिलेली नाही. हे पत्र त्या अब्रूबद्दल आहे, तेव्हा बसून वाचा.

दाजींनी फोन का नाही केला, असं तुम्ही सौ. स्नेहल यांना विचाराल. केला होता. फोन केला की तुम्ही ‘दाजी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणता. (तुमचं फर्निचरचं दुकान आहे. मीटिंग कोणाशी, कपाटाशी?) व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहावं तर तुम्ही अंगठा पाठवता. ‘बोकड गंभीर आहे’ असं लिहिलं, अंगठा आला. ‘माझ्या घरावर बायकांची धाड पडली’ असं लिहिलं, अंगठा आला आणि वर जोडलेले हात. एस.टी.च्या नोकरीत उभा जन्म स्टँडवर माईकसमोर काढला, पण अर्धवट ऐकून ‘हो हो’ म्हणणारा प्रवासी मी कधी गाडीत चढू दिला नाही. म्हणून कागद घेतला आहे.

मुळापासून सांगतो, कारण मूळ विसरायची तुम्हाला सवय आहे. रुद्रला सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळावा म्हणून सौ. स्नेहल यांनी डोंगरावरच्या देवीला बोकडाचा नवस बोलला. प्रवेश मिळाला. (पोरगं वर्षभर पुस्तकातून डोकं वर काढत नव्हतं, पण ते असो.) बोकड द्यायचा चैत्रातल्या जत्रेला. तोवर तो तुमच्या सोसायटीत ठेवता येईना, कारण तिथला सेक्रेटरी पारव्यांवरसुद्धा नोटीस काढतो. मग कोण? दाजी. दाजींचा गोठा रिकामा आहे, दाजी रिटायर आहेत, दाजींना विरंगुळा होईल. टेम्पोतून बोकड उतरवलात, त्यामागून मक्याचा भरडा, कोंडा आणि पेंड यांची पोती उतरवलीत आणि मला बजावलंत, ‘दाजी, नाव ठेवू नका, जीव लागतो. फक्त खुराक कमी पडू देऊ नका. भरला पाहिजे.’

मी नाव ठेवलेलं नाही. तुमच्या बहिणीने ठेवलं. ती त्याला भाऊसाहेब म्हणते, कारण तो तिला तलाठ्यासारखा दिसतो. (दाढी, पोट, आणि आपण बोलायला लागलो की दुसरीकडे बघणं.) खुराकाचं म्हणाल तर मी शब्दाचा पक्का माणूस आहे. तुम्ही फोनवर दुसरं काही विचारत नसाल, माझा गुडघासुद्धा नाही, पण ‘दाजी, भरतोय ना?’ एवढं नेमाने विचारायचात. मी भरडा घालत गेलो. गोदाकाठी राहतो, हिरव्या चाऱ्याला तोटा नाही, पण ‘चाऱ्याने पोट भरलं तर खुराक खाणार नाही’ हाही तुमचाच सल्ला. भाऊसाहेब भरला. इतका भरला की आतून बंद झाला.

झालं असं की एका सकाळी तो मागचे पाय लांब ताणून, पाठ खाली घालून उभा राहिला आणि कुंथायला लागला. शेजारी झुंबर राहतो. (त्याचं कांद्याचं खळं आमच्या भिंतीला लागून आहे आणि जनावरातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे.) तो भिंतीवरून वाकून म्हणाला, “आप्पा, पोट धरलंय त्यानं. एरंडेल पाजा, मोकळा व्हईल.” पाजलं. भाऊसाहेब मोकळा झाला, पण एका बाजूने. गोठा मी धुतला. झुंबर तेव्हा नेमका कांद्याला गेला होता.

दुपारनंतरही कुंथणं थांबेना. मग मी नीट जवळ बसून पाहिलं तर लघवीचा थेंब नाही. पोटाखालच्या केसांना वाळूसारखे बारीक कण चिकटलेले. त्याने दात करकर चावले आणि असा एक आवाज काढला की माझा हात आपोआप कमरेवर गेला. तो आवाज मी ओळखतो. तो मी स्वतः काढलेला आहे. मला मुतखडा झाला तेव्हा तुम्ही दवाखान्यात बघायला आला होतात, आठवतंय का? (माझ्यासाठी आणलेली मोसंबी तुम्हीच सोलून खाल्लीत.) त्या वेळचं पातळ औषध फडताळात शिल्लक होतं. माझी कळ त्याने थांबली होती, म्हटलं याचीही थांबेल. भाऊसाहेबाने ते दोन घोटांत घेतलं. त्याला माझ्यावर विश्वास होता, सोमनाथराव. तुमच्यावर असता तर त्याने थुंकलं असतं.

मालन म्हणाली, आता पुरे झाली तुमची डॉक्टरकी, आणि तिने पशुवैद्यक मॅडमना फोन लावला. डॉ. वैष्णवी म्हणून तरुण बाई आहेत, स्कुटीवर येतात, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आल्या आल्या त्यांनी कागद काढून पेशंटचं नाव विचारलं. मी म्हणालो, भाऊसाहेब. “काका, तुमचं नको, बोकडाचं.” हे बोकडाचंच, असं सांगितल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्याचं पोट दाबून पाहिलं, आणि आतापर्यंत काय काय दिलं ते विचारलं. एरंडेलावर त्यांनी नुसतं झुंबरकडे बघितलं. (तो कांद्याहून परत आला होता.) माझ्या औषधावर मात्र त्यांनी बाटली हातात घेऊन मला उभ्याउभ्या सुनावलं.

“काका, तुमच्या खड्याला लघवीचा आंबटपणा कमी करणारं औषध लागलं. धान्य खाऊन जनावराला जो खडा होतो त्याला आंबटपणा वाढवावा लागतो. तुम्ही नेमकं उलटं पाजलंत.”

म्हणजे आमचा दोघांचा आजार एक, कळ एक, ओरडणं एक, आणि औषध मात्र एकमेकांच्या विरुद्ध. हे मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवलं होतं का? नव्हतं. मग पोती कशाच्या आधारावर उतरवलीत? मॅडमनीही तेच विचारलं. त्यांनी पोत्यात हात घालून भरडा वर काढला आणि म्हणाल्या, “नराची मूत्रनळी आधीच बारीक, त्यात हा निव्वळ दाणा. कोणी सांगितलं एवढं घालायला?”

“मेहुण्याने.”

“मेहुणा काय करतो?”

“फर्निचर विकतो.”

“मग त्यांना याचा सोफा करायचाय का?”

हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं पोचवतो आहे. त्यात माझं काही नाही.

झुंबरला गप्प राहवत नव्हतं. तो म्हणाला, “मॅडम, लघवीचं इंजेक्शन मारा ना. माझ्या सासऱ्याला मारत्यात, धो धो व्हते.” मॅडम म्हणाल्या, “वाट बंद आहे आणि तुम्ही वरून आणखी पाणी सोडायला सांगताय. मूत्राशय फुटून मरेल तो.” झुंबर पुन्हा भिंतीपलीकडे गेला. मॅडमनी कळ कमी करायचं एक आणि आतले स्नायू सैल करायचं एक अशी इंजेक्शनं दिली, आणि मग मला बाजूला घेतलं. (पुढचा भाग सौ. स्नेहल यांना वाचून दाखवू नका, किंवा दाखवायचाच तर ताईंनी लिहिलाय असं सांगा.) बोकडाच्या त्या जागी टोकाला दोऱ्यासारखी एक बारीक शेपटी असते. खडा बहुधा तिथेच अडकतो. ती कापली तर वाट मोकळी होते आणि बोकडाचं पुढे काही अडत नाही. “पण हा नवसाचा आहे म्हणता,” मॅडम म्हणाल्या. “उद्या कोणी म्हणेल की अव्यंग राहिला नाही. मालकाला विचारून घ्या. मात्र लवकर विचारा.”

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही मीटिंगमध्ये. मी लिहिलं, ‘बोकडाचा एक भाग कापावा लागतोय, नाहीतर मरेल, नवसाला चालणार नाही कदाचित, परवानगी आहे का?’ तुम्ही अंगठा पाठवलात. तो अंगठा मॅडमना दाखवला, मालनला दाखवला, झुंबरला भिंतीवरून दाखवला. तेव्हा परवा तुम्ही फोनवर जो गळा काढलात की ‘दाजी, मला न विचारता तुम्ही नवसाचा बोकड बाद केलात’, तो गळा तुमचा तुम्हीच आत घाला.

मग मी जमिनीवर बसलो, भाऊसाहेबाला माणसासारखं ढुंगणावर बसवून पाठीमागून मिठी मारली, आणि न्हाव्यापुढे पोर धरावं तसं धरून ठेवलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, दाढी माझ्या कानात. त्या वेळी मी त्याला काय काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मॅडमचं काम क्षणात झालं. आधी दोन थेंब, लालसर. मग काहीच नाही. मग मॅडमनी “सुटलं!” म्हटलं आणि जी धार लागली, ती माझ्या नव्या पायजम्यावरून थेट भिंतीकडे गेली, जिथे झुंबर नेमका वाकून बघत होता. आयुष्यभर स्टँडच्या भिंतींवर असल्या धारा सोडणाऱ्यांना मी माईकवरून नावानिशी हाकललं. त्या दिवशी पहिल्यांदा धार बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालन स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे दिवा लावून आली. भाऊसाहेबाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या टोपीचा काठ खाल्ला.

इथवर जे झालं ते मी विसरलो असतो. खरा अपमान पुढे आहे.

खडे परत होऊ नयेत म्हणून मॅडमनी भरडा बंद केला, हिरवा चारा आणि भरपूर पाणी सांगितलं, आणि आंबटपणा वाढवायला औषध लिहून दिलं. मी विचारलं, हे काय असतं? त्या म्हणाल्या, “नवसागर. पण शुद्ध, औषधी. कल्हईवाल्याचा आणू नका. कडू असतं, गुळाच्या पाण्यातून पाजा, आणि मी सांगते त्या मापाने.” तुम्ही शहरातले, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या भागात गूळ आणि नवसागर एकत्र आणणारा माणूस एकच उद्योग करतो. तो म्हणजे हातभट्टी. आणि सोमनाथराव, मी गावच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. (होतो. त्याकडे येतोच.)

जनावरांच्या औषधांचं दुकान सनीचं. मी खालच्या आवाजात चिठ्ठी दिली. त्याच्याकडे शिल्लक नव्हतं, मागवतो म्हणाला. दोन दिवसांनी मी पुलाजवळून चाललो होतो, आठवडी बाजार भरलेला, आणि हा दुकानाच्या पायरीवरून ओरडला, “आप्पा! तुमचा नवसागर आला!” भाजीवाल्यांसकट सगळ्या बाजाराने वळून बघितलं. मी नुसती मान हलवली. तेवढ्यात मला आठवलं की घरातला गूळही संपलाय, आणि मी मूर्खासारखा समोरच्या दुकानातून एक मोठी ढेप घेतली.

मालनने बोकडाचं औषध स्वयंपाकघरात करायला साफ नकार दिला. त्यामुळे गोठ्यामागे तीन विटांची चूल मांडली, त्यावर जुनं मोठं पातेलं, पातेल्यात गुळाचं पाणी, बाजूला नवसागराची पुडी, आणि बाटलीतून पाजायला मॅडमनी दिलेली रबरी नळी. मी ढवळत होतो. गुळाचा वास वाऱ्याबरोबर गेला असणार. वर बघतो तर परड्यात नवसाबाई उभ्या, मागे बचत गटाच्या बायका. नवसाबाई समितीच्या उपाध्यक्ष. आम्ही दोघांनी मिळून गावातल्या भट्ट्या फोडल्या आहेत. माझ्या हातातली पळी त्यांनी बघितली.

“आप्पा, हे काय हाय?”

“गुळाचं पाणी.”

“आन ह्या पुडीत?”

“नवसागर.”

“आन ही नळी?”

“ती बोकडाची.”

“बोकडाला दारू पाजता व्हय?”

मी मुतखड्यापासून सांगायला सुरुवात केली, पण तो शब्द बायकांसमोर सरळ उच्चारता येईना. (आधी ‘अडचण’ म्हणालो, मग ‘खालची अडचण’, त्याने प्रकरण अधिकच बिघडलं.) तेवढ्यात मालन बाहेर आली. मला वाटलं, सुटलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “नवसाबाई, ह्या माणसाला साधा चहा उकळता येत नाही. दूध उतू घालतो. हा दारू गाळणार? लाज वाटते का तुम्हाला?” बायकांना हे ताबडतोब पटलं. मी सांगत होतो ते पटलं नव्हतं, हे पटलं. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून माझा नाकर्तेपणा सगळ्या परड्यासमोर मांडला गेला आणि एकही बाई हसायची राहिली नाही. मग मी पाणी निववलं, मापाने पुडीतलं औषध घातलं आणि त्यांच्यासमोर भाऊसाहेबाला पाजलं. त्याने ओठ चाटले, चार पावलं पुढे आला आणि नवसाबाईंच्या चपलांपाशी, कुणाची भीड न ठेवता, जी काय ती साक्ष दिली. मागची एक म्हातारी वाकून बघून म्हणाली, “सोच्छ हाय बाई, निवळ पाण्यावानी.”

तरीही नवसाबाई जाताना म्हणाल्या, “आप्पा, माझा इश्वास हाय. पन गावाचं तोंड कोन धरनार? शुक्रवारच्या ग्रामसभेपातुर तुम्ही अध्यक्षपद सोडा.” सोडलं. एवढी वर्षं गणपतीच्या मांडवात घसा ताणून भाषणं केली, ती एका पुडीने धुतली गेली.

आणि याहून वाईट ऐका. त्या संध्याकाळपासून माझ्या परड्यात माणसं यायला लागली आहेत. एकेकटी, डोक्यावरून उपरणं ओढून. ज्यांना मी स्वतः शपथ दिली, ज्यांचे हार घालून फोटो काढले, ती सगळी. एकजण तर माझ्या पाया पडून म्हणाला, “आप्पा, तुमचा कारभार पयल्यापासून चोख. तुमच्या हातची म्हंजे भेसळ नसंल.” सोमनाथराव, समितीच्या कामाला गावात काय यश आलं आहे हे मला आजवर कळलं नव्हतं. तुमच्या बोकडामुळे कळलं. मी त्या माणसाला गुळाचं पाणी दिलं आणि गोठा झाडायला लावला. तो दुसऱ्या दिवशी परत आला.

नवसाचंही एकदाचं सांगतो. मालनने डोंगरावरच्या गुरवांना फोन केला. ते म्हणाले, अव्यंग नसेल तर देवीला चालत नाही, आणि औषधावरचं जनावर प्रसादालाही चालायचं नाही. पुरणाचा नैवेद्य आणि नारळ करा, देवी मानून घेते. सौ. स्नेहल यांची समजूत तुम्ही घाला. रुद्रला मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, “आत्याकडेच राहू द्या ना त्याला.” पण पोराच्या बोलण्यावर मी विसंबत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. बोकड तुमचा, पोती तुमची, नवस तुमचा. पत्र मिळताच टेम्पो घेऊन यायचं आणि हा प्राणी माझ्या गोठ्यातून हलवायचा. नाही हलवलात तर मी त्याला नाशिकला आणून तुमच्या सेक्रेटरीच्या दाराला बांधीन आणि घंटी वाजवून निघून येईन.

रुद्रला आशीर्वाद. तुम्हाला तूर्त काही नाही.

आपला,
सावळीराम

ता. क. टेम्पो आणू नका. मॅडम म्हणतात इतक्यात त्याला गाडीत हादरे बसायला नकोत. तुम्ही एकटे मोटारसायकलवर या.

ता. क. शुक्रवारी ग्रामसभेच्या आधी पोचा. सभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की बोकड तुमचा, भरडा तुमचा आणि दाजी निर्दोष. मीटिंग असेल तर कपाटाला सांगा थांबायला.

ता. क. खरं काम राहिलंच. येताना नाशिकहून नवसागर घेऊन या, शुद्ध, औषधी, चांगला भरपूर, कारण मॅडम म्हणतात हे औषध अधूनमधून द्यावं लागेल, आणि भाऊसाहेबाचं वय काही फार नाही. सनीच्या दुकानात मी परत पाय ठेवणार नाही. पिशवी साधी असू द्या, वर काही छापलेलं नको. पुलावरून येताना कोणी विचारलं तर मीठ म्हणा, आणि मागच्या दाराने या.

ता. क. सोमा, मी मालन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. सकाळी तुझे दाजी हे पत्र मोठ्याने वाचत होते. मला वाटलं मलाच ऐकवतायत, म्हणून मी भाकऱ्या थापता थापता हं हं म्हणत होते. बाहेर येऊन बघते तर गोठ्यात खुर्ची टाकून बोकडाला वाचून दाखवत होते, आणि नवसाचा मजकूर आला तिथे त्याचे दोन्ही कान हाताने झाकून धरले. तू ये, जेवायलाच ये. पण त्याला नेण्याची भाषा घरात काढू नकोस.